बूच उघडून पाहा : फोर बाय फोर गाडीच्या डिफरन्शियलची घरगुती देखभाल

इंजिनाची काळजी सगळेच घेतात. बॉनेट उघडलं की डिपस्टिक समोर असते, कूलंटची बाटली दिसते, काही बिघडलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. डिफरन्शियलच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. तो गाडीच्या पोटाखाली, चिखलाच्या थराआड मुकाट फिरत असतो. त्याला डिपस्टिक नाही, दिवा नाही. तो ओरडायला लागेपर्यंत कोणाला त्याची आठवण होत नाही, आणि ओरडायला लागला की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

खरं तर हा भाग अतिशय टिकाऊ आहे. निव्वळ वय झालं म्हणून डिफरन्शियल क्वचितच जातो. तो जातो तेल कमी पडल्याने, चुकीचं तेल भरल्याने किंवा आत पाणी शिरल्याने. या तिन्ही गोष्टी घरच्या अंगणात, चार पाने आणि एक ग्रीस गन हाताशी ठेवून रोखता येतात. आतल्या दातांची जुळवणी हे मात्र घरचं काम नाही. काय आपण करायचं आणि कुठे हात आवरायचा, हे कळलं की अर्धी देखभाल शिकून झाली.

इथे डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत त्या आपल्याकडच्या साध्या फोर बाय फोर गाड्या : १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, तिची वारसदार जिम्नी, महिंद्राच्या जुन्या जीप आणि थार, फोर्सची गुरखा. पुढच्या ॲक्सलची रचना यांत वेगवेगळी असली, तरी मागे सगळ्यांना अखंड ॲक्सल आहे आणि त्याच्या मध्यावर डिफरन्शियल सामावणारा लोखंडी गोळा आहे. आपलं काम तिथून सुरू होतं.

वळणाचा हिशोब

खळ्यावर मळणीसाठी तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा तिवड्याजवळचा बैल जेमतेम पावलं टाकतो आणि कडेच्या बैलाला मात्र झपाझप चालावं लागतं. फेरी दोघांची एकच, अंतर वेगळं. गाडी वळते तेव्हा आतलं आणि बाहेरचं चाक याच नात्याने बांधलेलं असतं. जिप्सीच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे १.३ मीटर आहे. गाडीने एक पूर्ण गोल घेतला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २ × ३.१४ × १.३ म्हणजे सुमारे ८.२ मीटर जास्त चालतं. गोल लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती, तर प्रत्येक वळणावर एक टायर रस्त्यावर घासत गेला असता.

बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची चाकं आपापली मोकळी फिरतात. अडचण आली ती इंजिनाने चाकं फिरवायला सुरुवात केल्यावर. तिचं उत्तर ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी शोधलं. आजच्या डिफरन्शियलमागची कल्पना तीच आहे. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला पिनियन नावाचा लहान दातेरी गिअर असतो. तो क्राऊन हा मोठा गिअर फिरवतो. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात आपले मेकॅनिक ज्यांना 'स्टार' म्हणतात ते छोटे गिअर असतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी दोन ॲक्सल चाकांकडे जातात. सरळ रस्त्यावर स्टार आपल्या जागी स्थिर राहतात आणि सगळा पिंजरा एकजीव फिरतो. वळणावर स्टार स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका चाकाचा जितका वेग कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो.

याच रचनेत एक उणीव आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. त्यामुळे एक चाक चिखलात गरगर फिरू लागलं की त्याला जेवढा जोर लागतो तेवढाच दुसऱ्या, कोरड्यावर असलेल्या चाकाला मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. यावरचा इलाज म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफरन्शियल लॉक. गुरखाला तो पुढे आणि मागे दोन्हीकडे मिळतो. थारच्या काही आवृत्त्यांत तो मागच्या ॲक्सलला असतो.

आता पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा हिशोब. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीत, पुढच्या-मागच्यांत फरक सोसणारा तिसरा डिफरन्शियल नसतो. फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. मातीवर, वाळूवर, चिखलात चाक थोडं घसरून तो फरक जिरवून टाकतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो, मग सगळा ताण शाफ्ट, त्याच्या टोकांचे सांधे म्हणजे क्रॉस, आणि गिअरच्या दातांवर साठत जातो. स्टिअरिंग जड होणं, फोर व्हीलचा लिव्हर न निघणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी लिव्हरशी झटापट करू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, ताण उतरला की लिव्हर आपोआप सुटतो.

हाच ताण नकळत निर्माण होतो तो टायर वेगवेगळे असल्यामुळे. ७०० मिमी व्यासाच्या नव्या टायरची रबराची नक्षी ५ मिमीने झिजली, तर व्यास १० मिमीने घटतो. एका किलोमीटरमागे नव्या आणि झिजलेल्या टायरच्या चालीत सुमारे १४ मीटरचा फरक पडतो. पुढे नवे आणि मागे जुने टायर घालून फोर व्हीलमध्ये चालवणं म्हणजे हा फरक दातांकडून वसूल करणं. टायरची अदलाबदल वेळेवर करणं हीदेखील डिफरन्शियलची देखभालच आहे.

गाडीखाली जाण्याआधी

जॅक हे गाडी उचलण्याचं साधन आहे, धरून ठेवण्याचं नाही. गाडी उचलली की ॲक्सलखाली जॅक स्टँड लावायचे आणि मगच खाली शिरायचं, यात सूट नाही. जागा सपाट आणि टणक हवी. शेणाने सारवलेलं अंगण किंवा मुरूम असेल तर स्टँडखाली जाड फळी ठेवा.

फोर बाय फोर गाडीत याशिवाय काही खास सापळे आहेत. मागचं एक चाक उचललं आणि गाडी नुसती गिअरमध्ये ठेवली, तर गाडी थांबून राहील याची खात्री नाही. उचललेलं चाक हवेत उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. डिफरन्शियल त्यासाठीच तर बनवला आहे. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तिथेही हाच धोका, आणि तो शाफ्टच सोडवला तर हँडब्रेक उरतच नाही. ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलला राहिला असेल, तर गिअर टाकूनही चाकं मोकळी असतात. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. एक चाक उचलून इंजिन सुरू करायचं तर कधीच नाही. लॉक लागलेला असेल तर जमिनीवरचं चाक जोर धरतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

पहिला धडा : दोन फेरे

काहीही न खोलता डिफरन्शियल समजून घेण्याचा एक छान मार्ग आहे. मागचं एक चाक उचला, स्टँड लावा, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा. गाडी टू व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर खडूने एक रेघ मारा आणि टायरवर एक. आता उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे घेतो ते सोबत्याला मोजायला सांगा.

शाफ्ट चार फेरे पूर्ण करून थोडं पुढे जाऊन थांबला, तर तुमच्या ॲक्सलचं गुणोत्तर चारपेक्षा किंचित जास्त आहे. फेरे दोन का? कारण दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं आहे. अशा वेळी हलत्या चाकाच्या दोन फेऱ्यांमागे क्राऊनचा एकच फेरा होतो. जुनी गाडी विकत घेतली असेल, कोणी मधेच क्राऊन-पिनियन बदलल्याची शंका असेल, तर हा प्रयोग पुढच्या ॲक्सलवरही करा (चाकं ॲक्सलपासून सोडवणारे फ्री व्हील हब असतील तर ते लॉक करून). पुढचं आणि मागचं गुणोत्तर जुळलंच पाहिजे. जुळत नसेल तर ती गाडी फोर व्हीलमध्ये टाकायचीच नाही.

याच वेळी आणखी एक तपासणी होते. चाक हळूच मागेपुढे हलवा आणि शाफ्ट हलायला लागण्याआधी चाक किती रिकामं फिरतं ते पाहा. थोडा प्ले असायलाच हवा. तो किती आहे ते वहीत टिपून ठेवा. आजच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. वर्षभराने तो वाढला का, यातून खरी माहिती मिळते.

तेल : वास, आकडे आणि अक्षरं

क्राऊन-पिनियनला साधं तेल चालत नाही, यामागे एक बदल आहे. पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९२६ मध्ये हायपॉइड गिअर मोटारीत आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर न बसता खाली सरकलेला असतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली आला, गाडीची बैठक खाली घेता आली, आणि दाताला दाताचा जास्त आधार मिळाला. त्याची किंमत अशी की दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते प्रचंड दाबाखाली घसरतही जातात. या दाबात तेलाचा पापुद्रा फाटतो. म्हणून हायपॉइड तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाताचा पृष्ठभाग तापला की ती धातूशी संयोग पावून पातळ संरक्षक थर तयार करतात. गिअर ऑइलचा तो उग्र, नाकात बसणारा वास गंधकाचाच.

डब्यावर 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' असं लिहिलेलं असतं. हायपॉइड डिफरन्शियलला सहसा जीएल-५ लागतं. 'पाच म्हणजे चारपेक्षा भारी, तेच गिअरबॉक्समध्येही भरू' हा हिशोब मात्र अंगाशी येतो. अनेक गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रोनायझर रिंगा असतात. जीएल-५ मधल्या तीव्र रसायनांनी त्या खराब होऊ शकतात, आणि तेल जास्त निसरडं असल्याने गिअर नीट पडेनासे होतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल या चार वेगळ्या पेट्या आहेत. प्रत्येकीचं तेल मॅन्युअलमध्ये वेगळं पाहावं.

दाटपणाच्या आकड्यांचाही गोंधळ होतो. ८०डब्ल्यू-९० हे नाव ऐकून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट दाट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींची मापं वेगळी आहेत. गिअर ऑइलचं ९० हे गरम असताना साधारण इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकंच दाट असतं. मागच्या डिफरन्शियलला लिमिटेड स्लिप प्रकारची क्लच प्लेटांची रचना असेल, तर त्यासाठीचं खास तेल किंवा ॲडिटिव्ह लागतं. तेही मॅन्युअल सांगतं.

वरचं बूच आधी

तेल बदलण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा. तेल कोमट झालं की सहज वाहतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. गाडी सपाट जागी उभी करा. ॲक्सलच्या गोळ्यावर दोन बुचं असतात : तेल भरण्याचं मध्यावर, सोडण्याचं तळाशी. काही जुन्या ॲक्सलना तळाचं बूच नसतं. तिथे पंपाने तेल ओढून घ्यावं लागतं किंवा मागचं झाकण सोडवावं लागतं.

बुचाभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने आणि फडक्याने स्वच्छ करा. मग आधी वरचं, भरण्याचं बूच सोडवा. हा नियम सोन्याचा आहे. खालचं बूच आधी उघडून तेल सोडून दिलं आणि वरचं बूच गंजून अडकलेलं निघालं, तर गाडी अंगणातच अडकली : तेल नाही, आणि भरायची वाटही नाही. बूच घट्ट असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. चौकोनी खाचेच्या बुचात पाना पूर्ण आतपर्यंत बसवा. अर्धवट बसलेला पाना खाच गोल करून टाकतो आणि मग वेल्डिंगशिवाय बूच निघत नाही.

आता खालचं बूच. तेल पातेल्यात पडू द्या आणि ते पडताना पाहा, कारण गाडीचा सगळा इतिहास या तेलात असतो. काळपट पण स्वच्छ तेल म्हणजे नेहमीची वापरलेली अवस्था. दुधाळ, करडं, फेसाळ तेल म्हणजे पाणी. जळकट वास म्हणजे तेल फार तापलं आहे.

बऱ्याच बुचांना आतून चुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ लेप असेल तर काळजी नको. दात एकमेकांत रुळताना एवढं पीठ पडतंच. तो लेप बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा. गुळगुळीत लागला तर ठीक. कण टोचले, सुईसारखे चकचकीत तुकडे दिसले, तर बेअरिंग किंवा दात झिजताहेत. दाताचा ओळखू येईल असा तुकडा मिळाला, तर बूच लावून गाडी टो करून गॅरेजला न्या.

खालचं बूच नव्या वॉशरसह, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. मग वरून तेल भरा. दाट तेल बाटलीतून थेट जात नाही. हातपंप वापरा किंवा बाटलीला पारदर्शक नळी लावून ती उंच धरा. लहान फोर बाय फोरच्या एका ॲक्सलला साधारण दीड ते दोन लिटर लागतं. तेल वरच्या बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं पाहिजे. करंगळी आत वाकवून पाहा, तेल टेकायला हवं. जास्तीचं तेल आपोआप बाहेर येऊ द्या आणि धार थेंबांवर आल्यावरच बूच लावा. 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून गाडी तिरकी करून भरू नका. जादा तेल फेसाळतं आणि सीलमधून वाट काढतं.

जुनं तेल गटारात, शेताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. डब्यात साठवून गॅरेजमार्फत किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्या.

पाणी कसं शिरतं

सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यावर पावसाळ्यात एखादा तरी ओढा ओलांडावा लागतो. नव्या थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा कंपनी ६५० मिमी सांगते. मागच्या डिफरन्शियलखाली जमिनीपासून जागा सुटते ती सुमारे २२६ मिमी. म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही डिफरन्शियल पाण्यात बुडतोच.

बुडणं हा प्रश्न नाही, थंड होणं हा आहे. चालून चालून हाउसिंगमधलं तेल आणि हवा ८० अंश सेल्सियसपर्यंत तापलेली असते, आणि गाडी एकदम २५ अंशांच्या पाण्यात उतरते. आतली हवा सुमारे १५ टक्क्यांनी आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. त्यासाठी ॲक्सलवर ब्रीदर नावाची बोटभर टोपी असते. ती मोकळी आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत जाते. ती चिखलाने बुजली असेल तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. आणि बुजलेला ब्रीदर उलट बाजूनेही छळतो. गाडी तापली की आतल्या हवेचा दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं, कधी मागच्या ब्रेकच्या ड्रममध्येही. ड्रममध्ये तेल आलं म्हणून सील बदलतात, पण ब्रीदर तसाच राहतो, आणि नवं सीलही महिन्याभरात गळू लागतं.

इलाज दहा मिनिटांचा आहे. ब्रीदर काढा, केरोसीनमध्ये धुवा, तोंडाने फुंकर मारून पाहा. ओढ्या-नाल्यांतून नेहमी जावं लागत असेल, तर ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत उंचावर न्या. अनेक गाड्यांना ही नळी कंपनीतूनच येते. तिथे ती तुटलेली किंवा निसटलेली नाही एवढं पाहा.

चाकांच्या आसापर्यंत पाण्यातून गाडी काढली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा. पाणी तेलापेक्षा जड, रात्रभरात तळाशी बसतं. खालचं बूच अगदी थोडं सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले किंवा दुधाळ तेल आलं तर ते सगळं तेल बदलायचं, मग बदलून आठवडाच झालेला असला तरी. समुद्राचं पाणी तर आणखी वाईट. गोव्यात आणि इतरही किनाऱ्यांवर गाडी वाळूत उतरवायला मनाई आहे, आणि बेअरिंगच्या दृष्टीने ती मनाई योग्यच आहे.

प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉस

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो, म्हणजे चार टोकांवर सुयांच्या बेअरिंगचे चार कप. या सांध्याची एक जात आहे : तो वाकलेल्या स्थितीत फिरताना बाहेरचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. १० अंशांच्या कोनात हा चढउतार दीड टक्क्यापर्यंत जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार नेमका पुसून टाकतो, पण शाफ्टवरचे दोन्ही काटे एका रेषेत असतील तरच. म्हणून शाफ्ट सोडवण्याआधी प्रत्येक जोडावर, विशेषतः मधल्या सरकत्या भागावर, रंगाने खुणा करा. एका दाताची चूक झाली तरी गाडीभर थरथर भरते.

क्रॉस तपासायला शाफ्ट दोन्ही हातांनी पकडून पिळा आणि वरखाली हलवा. नजर कपावर ठेवा. कपाभोवती लालसर गंजाची पूड दिसली तर आत ग्रीस उरलेलं नाही. ग्रीस निप्पल पुसून गन लावा आणि चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत भरा. तीनच कपांतून आलं तर चौथा बुजलेला आहे. शाफ्ट फिरवून, थोडा हलवून पुन्हा प्रयत्न करा. तरी येत नसेल तर तो क्रॉस पुढच्या मोठ्या प्रवासाआधी बदलायचा. सरकत्या भागाला वेगळं निप्पल असतं, ते अनेकदा विसरलं जातं. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी लटकलेली आहे, त्यामुळे त्या दोन्हींमध्ये एक छोटा शाफ्ट आणखी असतो. त्याचे सांधे आणि ट्रान्सफर केसचे रबरी माउंटही याच वेळी पाहून घ्या.

पुढचा ॲक्सल

पुढच्या ॲक्सलला फिरायचंही असतं आणि वळायचंही. जिप्सीच्या पुढच्या चाकामागे दिसणाऱ्या लोखंडी गोलाच्या आत वळणारा सांधा ग्रीसमध्ये बसलेला असतो, आणि गोलाच्या काठावरचं सील तेवढं चिखलाला अडवतं. ते फाटलं की ग्रीसबरोबर वाळू मिसळते आणि आतला सांधा पालिश होऊन निघतो. ज्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे हेच काम रबरी बूट करतो. दर धुलाईत त्यावर हात फिरवायचा. चिरलेला बूट वेळीच बदलला तर सांधा वाचतो.

चाक उचलून वर आणि खाली धरून हलवा. हललं तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तरीही हलत राहिलं, तर दोष किंगपिन किंवा बॉल जॉइंटमध्ये आहे. एवढ्या साध्या चाचणीने गॅरेजमधला अर्धा वाद मिटतो.

फोर व्हील वर्षभर वापरलंच नाही म्हणून पुढचा ॲक्सल नवा राहतो असं नाही. तो फिरला नाही तर वरच्या भागाला तेल लागत नाही आणि सीलचा ओठ कोरडा पडतो. महिन्यातून दहा-पंधरा किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर व्हील टाकून चालवा.

आवाजाची भाषा

आवाज कधी येतो, हे तो कसा आहे यापेक्षा जास्त सांगतं. गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना 'टक्' होत असेल तर आधी क्रॉस पाहा, मग डिफरन्शियलचा प्ले. ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल तर शाफ्टचा तोल गेलेला असतो. कधी नुसता वाळलेला चिखल एका बाजूला चिकटलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा, अशी घरघर क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवते. डावीकडे वळताना वाढणारी आणि उजवीकडे वळताना कमी होणारी घरघर बहुधा उजव्या चाकाच्या बेअरिंगची असते, कारण भार त्या बाजूला जातो. सरळ रस्त्यावर शांत आणि फक्त वळताना आवाज असेल, तर स्टार झिजले असण्याची शक्यता. पुढचं चाक पूर्ण वळवल्यावर 'कट् कट्' येत असेल तर पुढचा सांधा.

इथे थांबायचं

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, म्हणून ते जोडीनेच विकले जातात आणि जोडीनेच बदलायचे असतात. त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात मोजतात. त्यासाठी डायल गेज लागतो, वेगवेगळ्या जाडीचे शिम लागतात, पिनियनच्या बेअरिंगवर नेमका दाब द्यावा लागतो, आणि दातांना रंग लावून ते कुठे टेकतात हे वाचता यावं लागतं. पिनियनचं सील गळतंय म्हणून पुढचा मोठा नट सोडवून अंदाजाने पुन्हा आवळला, तरी बेअरिंगचा दाब बिघडू शकतो. हे काम ज्याने आधी केलेलं आहे अशा मेकॅनिककडेच द्यावं. मात्र त्याच्याकडे जाताना वही घेऊन जा : तेल कधी बदललं, चुंबकावर काय मिळालं, आवाज कधी येतो, प्ले किती वाढला. नेमकं सांगणाऱ्या मालकाच्या गाडीत नको ते भाग कमी बदलले जातात.

पावसाळा संपला की फोर बाय फोरच्या देखभालीचा खरा हंगाम सुरू होतो. दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच्या आदल्या रविवारी एक काम करा : ब्रीदर साफ करा, क्रॉसमध्ये ग्रीस भरा आणि दोन्ही डिफरन्शियलची वरची बुचं उघडून करंगळी आत घाला. बोटाला स्वच्छ तेल लागलं तर वर्षभराची निश्चिंती. दुधाळ लागलं तर हाराच्या आधी तेल आणा.